दोन काळ्या वड्या

सानगडीचे चंद्रकुमार कापगते सर साकोलीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करत. उरलेला वेळ फार नसावा, कारण या कामाला यंदा अकरावं वर्ष लागलं होतं. सुरुवातीला गावातले लोक विचारत, "सर, पीएच.डी. कुठवर आली?" मग विचारू लागले, "अजून सुरूच आहे का जी?" आणि आता कोणी विचारत नसे. एखाद्या घरातलं जुनं दुखणं असतं, त्याची चौकशी शहाणी माणसं करत नाहीत, तसं.

सरांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्यांच्या मार्गदर्शक, नागपूरच्या कामिनी मॅडम, या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी. बारावीत पहिल्या बाकावर बसायच्या. सरांनी एकदा त्यांच्या प्रॅक्टिकलच्या वहीवर लाल शाईनं 'निष्कर्ष स्पष्ट लिहावा' असा शेरा मारला होता. आता दर सहा महिन्यांनी सरांची प्रकरणं नागपूरहून परत येत आणि त्यांच्यावर लाल शाईत लिहिलेलं असे, 'आदरणीय सर, निष्कर्ष स्पष्ट लिहावा ही नम्र विनंती.'

विषय मात्र सरांचा आवडता होता. पेरोव्हस्काइट नावाची सिरॅमिक्स. दिसायला फुटक्या मडक्याच्या तुकड्यासारखी, भट्टीत भाजून केलेली. पण आतमध्ये अणूंची अशी चोख मांडणी की कॉलेजच्या स्नेहसंमेलनातल्या खुर्च्यांना तिनं लाजवावं. या मांडणीत दोन धातूंचे अणू बसवायचे असतात, आणि ते कसे बसले यावर त्या पदार्थाचा स्वभाव ठरतो. आधीच्या प्रकरणात सरांनी शिसं असलेल्या एका पदार्थाची गोष्ट लिहिली होती. अणू एकाआड एक, नेमके बसले तर तो पदार्थ थंड होताना ठरावीक तापमानाला एकदम आपली विजेची दिशा धरतो. तेच अणू कसेही घोळक्यानं बसले तर तो कितीतरी अंश रेंगाळत राहतो, थोडा इकडे, थोडा तिकडे, लग्नाला जायचं की नाही हे न ठरलेल्या पाहुण्यासारखा. त्या पानावर मॅडमनी 'छान' लिहिलं होतं. अकरा वर्षांतलं ते एकमेव 'छान'. सरांनी ते पान लॅमिनेट करून घेतलं.

राहिलं होतं चुंबकाचं प्रकरण. त्यासाठी लँथॅनम, निकेल, मँगेनीज आणि ऑक्सिजन यांची पूड एकत्र दाबून सरांनी दोन वड्या केल्या होत्या. नखाएवढ्या, काळ्या, अगदी सारख्या. एक वडी लालभडक असतानाच चिमट्यानं भट्टीबाहेर काढून झटक्यात थंड केली होती. तिच्यातले अणू जिथं सापडले तिथंच थिजले. दुसरी मात्र भट्टीतच, तासाला थोडी थोडी करत, पाच दिवस थंड केली होती, म्हणजे निकेल आणि मँगेनीजला आपापली जागा शोधायला सवड मिळावी. पाच दिवस. साकोलीत पाच दिवस वीज न जाणं ही गोष्ट सरांनी नऊ वर्षं वाट पाहिल्यावर घडली, तीही बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आलं आणि त्याच्यासोबत जनरेटर आला म्हणून. वर मुलं पेपर लिहीत होती आणि खाली भट्टीत अणू आपापल्या आसनक्रमांकावर बसत होते.

झटक्याच्या वडीचं मोजमाप दिवाळीतच झालं होतं. आता हळूहळू थंड केलेली वडी नागपूरच्या मोठ्या यंत्रात घालायची होती. त्या यंत्रात एक वडी घातली की अख्खा दिवस जातो, आणि यंत्राला देशभरातून मागणी. मॅडमनी फार खटपट करून मे महिन्यातला एक दिवस मिळवला होता. एकच. तो चुकला तर पुढचा दिवाळीनंतर.

त्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, सर शोकेसपाशी गेले. कॉलेजात रंगकाम निघालं होतं म्हणून वड्या त्यांनी घरी आणून, दोन छोट्या गोल डब्यांत शोकेसवर ठेवल्या होत्या. डब्या तिथं नव्हत्या.

"रुखमिणी," त्यांनी हाक मारली, "माझ्या त्या दोन डब्या?"

रुखमिणीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या घर असं ठेवत की डोळे मिटून हात घातला तरी जिऱ्याच्या डब्यात जिरंच लागावं.

"त्या लहान्या दोन? त्या शेजारच्या गुड्डीच्या लग्नात हळद-कुंकवाले देल्या ना मी. बहुत साजऱ्या दिसल्या."

"आणि आतल्या वड्या?"

"त्या कायले देऊ? ह्या वाटीत ठेवल्या. दोन होत्या, दोन्ही आहेत. पाहून घ्या."

सरांनी वाटीत पाहिलं. दोन काळ्या वड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांनी एक उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"डब्यांवर नावं लिहिली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "एकीवर 'जलद', एकीवर 'मंद'."

"झाकणावर लिहिली होती. ते मी तारेच्या घासणीनं घासून काढलं. 'मंद' लिहिलेली डबी नवरीले देऊ का मी?"

सरांनी दोन्ही वड्या वाटीत परत ठेवल्या. ते खुर्चीवर बसले. रुखमिणीबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आपणही समोर बसल्या.

"म्हणजे आता कोणती कोणती ते समजत नाही म्हणा."

"नाही."

"पण दोन्ही सारख्याच तर दिसून राहिल्या."

"दिसायला सारख्या आहेत. वजनाला सारख्या आहेत. आतमध्ये तेच धातू, तेवढेच आहेत. नुसती बसायची रीत वेगळी आहे."

"मंग एक्स-रे काढून पाहा. दवाखान्यात काढतात तसा."

ही सूचना वाटते तितकी भाबडी नव्हती. अणूंची मांडणी क्ष-किरणांनीच पाहतात. पण निकेल आणि मँगेनीज हे क्ष-किरणांना जुळ्या भावांसारखे जवळजवळ सारखेच दिसतात. एकाच्या जागी दुसरा बसला तर पत्ता लागणं कठीण. सरांनी तसं सांगितलं.

"मंग तुमच्या ह्या मांडणीचा फरक दिसते तरी कुठं?" रुखमिणीबाईंनी विचारलं.

आणि या प्रश्नानं सर खुर्चीवरून उठले. फरक दिसतो चुंबकात. नीट बसलेली वडी सात अंशांच्या खाली थंड केली की चुंबकाकडे ओढली जाते. विस्कटलेल्या वडीला त्यासाठी शून्याच्या खाली शंभर अंशांहूनही अधिक गारठा लागतो. म्हणजे हवं होतं फक्त एक चांगलं चुंबक आणि थोडा बर्फ. चुंबक घरात होतं, जुन्या कॉम्प्युटरमधून काढून ठेवलेलं, इतकं जोरकस की एकदा रुखमिणीबाईंच्या लोखंडी पलंगाच्या कडेला चिकटलं ते सोडवायला शेजारचे भैय्याजी आले होते.

"फ्रिजमध्ये बर्फ आहे का?"

"काल संध्याकाळी वादळ आलं, खांब पडले. तेव्हापासून लाईन नाही. फ्रिजमध्ये बर्फ कुठून येईन? कालची भाजी आंबली त्यात."

सर भैय्याजींकडे जाऊन आले, तिथंही तेच. सबंध सानगडीत वीज नव्हती. वीज कधी येईल असं विचारायला फोन लावला तर पलीकडच्या माणसानं उलट विचारलं, "तुमच्याकडं आली का?"

त्या दिवशी सानगडीचा बाजार होता. सरांनी शर्ट पँटमध्ये खोचला, खिशात चुंबक आणि प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर घेतला, वाटीतल्या वड्या कागदाच्या पुडीत बांधल्या, एक वही घेतली आणि निघाले. पहिल्यांदा ते रसवंतीवर गेले. तिथल्या मंगेशकडचा बर्फ दहा वाजताच संपला होता. तो रसात लिंबू आणि मीठ जास्त पिळून गिऱ्हाइकांचं लक्ष दुसरीकडं वळवत होता.

"बर्फ आता मासोळीवाल्यायकडेच भेटन," मंगेशनं आवाज खाली आणून सांगितलं. "पण ते देतीन असं वाटत नाही."

ते का देणार नाहीत हे सरांनी विचारलं नाही. तिथंच चुकलं.

मासळीची ओळ बाजाराच्या टोकाला, चिंचेखाली. एकोडीकडचे, आसपासच्या तलावांवरचे आठ-दहा जण पाट मांडून बसले होते. समोर रोहू, कतला, टोपलीत झिंगे. प्रत्येकाच्या मागे एक खोकं, त्याच्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीखालून पाण्याचा बारीकसा ओघळ. त्या ओळीत सगळ्यात वडीलधारे आसाराम. पांढऱ्या मिशांचे. मच्छिमार संस्थेत त्यांचा शब्द चालायचा. सर सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बर्फ आहे का?"

आसारामांचा हात सुरीवरच थांबला. त्यांनी सरांचा खोचलेला शर्ट पाहिला, खिशातून डोकावणारा थर्मामीटर पाहिला, हातातली वही पाहिली.

"बर्फ?" ते म्हणाले. "आमाले बर्फ कायले लागते, साहेब? पहाटे तलावातून काढली, आता इथं आणली. तिले बर्फ दाखवाची गरजच नाही पडली."

"थोडासाच हवा होता. एक डबाभर."

"डबाभर काय, खडाभर नाही. डोळे पाहा ना मासोळीचे. ताजी आहे का नाही, तुमीच सांगा."

सरांनी नाइलाजानं मासळीचे डोळे पाहिले. मासळीनंही त्यांच्याकडे पाहिलं, तिसऱ्यांदा नापास झालेल्या मुलाच्या नजरेनं. सर पुढच्या पाटाकडे वळले, तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. लाखनीच्या बाजारात मासळी तपासणारे कोणी साहेब येऊन गेल्याची चर्चा आठवडाभर होतीच. आता ते इथं आले होते. पुढच्या पाटावरच्या प्रीतमनं तर सर काही बोलायच्या आतच सांगून टाकलं, "आमच्याकडे बर्फ नसते, साहेब. दवाई पण नसते. बाहेरच्या गाडीचा माल आमी ठेवतच नाही." त्याच्या पलीकडच्यानं चार मोठे झिंगे पानात बांधून सरांपुढे धरले. "घरी न्या, साहेब. वहिनीले सांगा, आमटी करा."

"आमच्याकडे खात नाहीत," सर म्हणाले. त्यामुळे तर खात्रीच झाली. लाच न घेणारा साहेब आला आहे असं म्हणत दोघांनी ताडपत्रीवर गोणपाट पसरलं आणि त्याच्यावर स्वतः बसले. थोड्या वेळानं एकजण उठला, आणि त्याच्या धोतराची मागची बाजू पुरती ओली दिसली. तो तसाच मान ताठ ठेवून पाणी प्यायला गेला.

ओळीच्या शेवटी जमुनाबाई बसल्या होत्या. साठीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्या मघापासून सरांकडे टक लावून पाहत होत्या. सर समोर आल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी साहेब-बिहेब नाही. तुमी कापगते मास्तर."

"हो. कापगते."

"आमच्या रंजूले तुमीच नापास केलं होतं. फिजिकमध्ये."

सरांनी आठवून पाहिलं. रंजू. प्रयोगाच्या परीक्षेत लोलक मोजायच्या ऐवजी तिनं तो गळाच्या दोरीसारखा फिरवून पाहिला होता.

"दोन मार्कांनी," ते म्हणाले. "मी वाढवले असते, पण..."

"नाही वाढवले तेच बरं झालं. तिनं सायन सोडलं, भरतीची तयारी केली. आता भंडाऱ्याले पोलिसात आहे. पास झाली असती तर आणखी चार वर्षं तुमच्याकडे येत राह्यली असती." जमुनाबाईंनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "बर्फ कायले पायजे तुमाले?"

सरांनी पुडी सोडून वड्या दाखवल्या. जमुनाबाईंनी एक बोटावर घेतली.

"कारी गोरी," त्या म्हणाल्या. "कशाची आहे?"

झाडीपट्टीत कित्येकांच्या तोंडी ळ चा र होतो, हे सरांना जन्मापासून ठाऊक होतं, पण त्या घटकेला ते इतके वैतागलेले होते की त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "गोरी नाही, दोन्ही काळ्याच आहेत. तोच तर प्रश्न आहे." मग काय घडलं ते सगळं सांगितलं. डब्या, हळद-कुंकू, उद्याचं यंत्र.

"पण फरक काय दोघींत?"

"या वडीत दोन जातीचे अणू असतात."

"जातीचे?" शेजारचा प्रीतम कान टवकारून म्हणाला.

"दोन प्रकारचे," सरांनी घाईनं सुधारलं. "निकेल आणि मँगेनीज. एका वडीत ते एकाआड एक बसले आहेत. निकेल, मँगेनीज, निकेल, मँगेनीज. तसे बसले की थंडीत सगळे एकाच दिशेला तोंड करतात, सगळ्यांचा जोर एक होतो, आणि चुंबक त्यांना ओढतं. दुसरीत निकेलच्या शेजारी निकेल आलं आहे, मँगेनीजच्या शेजारी मँगेनीज. सारखे शेजारी आले की त्यांचं पटत नाही. एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. एकमेकांचा जोर तिथंच जिरतो."

जमुनाबाईंनी सुपारी गालात सरकवली. "म्हणजे दोन जावा जवर जवर बसवल्या का घरात काम होत नाही. मधात एक नणंद नाहीतर सासू बसवा लागते."

सरांनी हा दाखला मनात तपासून पाहिला आणि त्यांना त्यात चूक सापडली नाही. कॉलेजात तीस वर्षं शिकवूनही त्यांना तो सुचला नव्हता.

"या इकडे," जमुनाबाई उठल्या. त्यांनी सरांना चिंचेच्या खोडामागे नेलं, इकडे तिकडे पाहिलं आणि आपल्या खोक्यावरची ताडपत्री बोटभर वर केली. आत बर्फ होता. म्हणजे सकाळी असावा; आता त्याचं जवळजवळ सगळं पाणी झालं होतं आणि त्यात दोन कतले निवांत पहुडले होते. "कोणाले सांगू नका. माझी मासोरी ताजीच आहे. हा आपला... गरमीसाठी."

सरांनी थर्मामीटर आत बुडवला, वड्या प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून बुडवल्या, दहा मिनिटं घड्याळ पाहिलं. मग दोन वड्यांना दोरे बांधून दोन्ही हातांत धरल्या आणि जमुनाबाईंना चुंबक जवळ आणायला सांगितलं. थर्मामीटर आठ अंश दाखवत होता. हवे होते सातच्या खाली. एका अंशानं घात झाला होता.

वड्या हलल्या, म्हणजे दोन्ही हलल्या, कारण सरांचा हातच थरथरत होता.

"डावी हलली," मागून कोणीतरी म्हणालं. सरांनी वळून पाहिलं. प्रीतम उभा होता. त्याच्या मागे आणखी तिघं.

"उजवी हलली," त्यातला एक म्हणाला.

"हवा लागली तिले. डावीच."

"मी पाहून राहिलो ना, उजवी."

वाद वाढला. मासे कापायचं सोडून आणखी माणसं आली. कोणीतरी सरांना सुचवलं की हात वर करून मतं घ्यावीत. सर म्हणाले की विज्ञानात मतदान चालत नाही, पण तेवढ्यात ते होऊन गेलं होतं आणि डावी दोन मतांनी पुढे होती.

"साहेब नाहीत का हे?" आसारामांनी येऊन विचारलं.

"मास्तर आहेत," जमुनाबाई म्हणाल्या. "त्यायले थंडी कमी पडून राहिली. माझा सारा वितरून गेला."

आसाराम मिशांवरून हात फिरवत थोडा वेळ उभे राहिले. मग आपल्या पाटाकडे गेले, पाठमोरे बसून ताडपत्रीखाली काहीतरी केलं आणि टॉवेलात गुंडाळलेला विटेएवढा ढेकूळ घेऊन परत आले.

"हा घ्या. हा मासोळीचा नाही. मी पाणी प्यायले ठेवतो."

ते पाहिल्यावर प्रीतमही गेला. तोही एक तुकडा घेऊन आला; त्याच्या बापाचा गुडघा सुजत असे, त्यावर ठेवायला तो बर्फ बाळगत होता म्हणे. मग ओळीतला प्रत्येक जण एकेक तुकडा आणू लागला, आणि प्रत्येकाच्या बर्फाला मासळीशी संबंध नसलेलं एक कारण होतं. शेवटचा जो आला त्याला कारणच उरलं नाही. "माझा असाच आहे," तो म्हणाला. मघापासून रोहूचा भाव करत उभी असलेली एक बाई हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "आता तर म्हणत होते का बर्फ दाखवाची गरज पडली नाही." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सरांनी बर्फ फोडून जमुनाबाईंच्या एका डब्यात भरला. थर्मामीटर दोनवर आला आणि तिथं अडून बसला. पन्नी बाहेर काढून दोरा धरेपर्यंत वड्या पुन्हा तापत होत्या. मे महिन्याची दुपार, सावलीत चव्वेचाळीस. आणखी खाली जायला हवं होतं.

"मीठ टाका ना त्यात," जमुनाबाई म्हणाल्या. "कुल्फीवाला नाही का टाकत. गारठा वाढते."

सर त्यांच्याकडे पाहतच राहिले. बर्फ आणि मीठ यांचं मिश्रण. अकरावीच्या पुस्तकातला धडा. ते दरवर्षी फळ्यावर लिहून देत आणि परीक्षेत त्यावर हमखास दोन गुणांचा प्रश्न काढत. जमुनाबाईंनी सुकटीसाठी ठेवलेलं खडे मीठ ओंजळीनं डब्यात ओतलं. थर्मामीटर शून्यावर आला, खाली गेला, उणे पाच, उणे नऊ, उणे बारा. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पारा पाहत होती.

"हे काय चालून राहिलं?"

रुखमिणीबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. मासळीच्या ओळीकडे त्या कधी फिरकत नसत. नवरा दोन तासांपासून बर्फ आणायला गेला म्हणून शोधत आल्या होत्या. त्यांनी पदर नाकाला लावला, खोकी पाहिली, गर्दी पाहिली आणि गर्दीच्या मधोमध गुडघ्यावर बसलेले सर पाहिले.

"दोरा धरायचा आहे," सर म्हणाले. "माझा हात हलतो."

रुखमिणीबाईंनी पिशवी आसारामांच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि खाली बसल्या. "द्या इकडे. मी मिसळवल्या, मीच वेगळ्या करतो."

चाळीस वर्षं सुईदोरा धरलेला हात होता तो. वड्या डब्यातून निघाल्या तशा ओळंब्यासारख्या सरळ उभ्या राहिल्या. जमुनाबाईंनी चुंबक आधी डावीजवळ नेलं. डावी जागची हलली नाही. मग उजवीजवळ नेलं. अजून चार बोटं अंतर होतं तोच उजवी वडी दोऱ्यासकट तिरपी झाली आणि टचकन चुंबकाला जाऊन बसली.

डावीला मत दिलेले लोक एकेक पाऊल मागे सरले. सर चष्म्याच्या वरून, मग चष्म्यातून, मग पुन्हा वरून पाहत होते. पाच दिवस बोर्डाच्या जनरेटरवर एकाआड एक बसलेले ते अणू आज चिंचेखाली सगळे एका दिशेला तोंड करून उभे होते, आणि ते पाहायला आठ मासेवाले, एक रोहूचं गिऱ्हाईक आणि रुखमिणी होती.

मिनिटभरात वडी तापली आणि आपोआप चुंबकावरून सुटून दोऱ्याला लोंबकळली.

"मेली का?" प्रीतमनं विचारलं.

"नाही. उन्हानं अणूंची तोंडं पुन्हा फिरली. थंड केली की परत चिकटेल." सरांनी तीनदा करून दाखवलं, कारण प्रयोग तीनदा करायचा असतो, आणि चौथ्यांदा आसारामांनी करून पाहिला. रुखमिणीबाईंनी पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढली, तिचा लाल दोरा सोडला आणि चिकटणाऱ्या वडीला तो घट्ट गुंडाळून दोन गाठी मारल्या. "आता डबीत ठेवा, नाहीतर वाटीत ठेवा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं सर नागपूरला गेले. कामिनी मॅडम प्रयोगशाळेच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला, मग जरा मागे सरल्या.

"सर, बसमध्ये शेजारी कोणी मासे घेऊन बसलं होतं का?"

"नाही," सर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मॅडमनी वडीचा लाल दोरा कात्रीनं कापता कापता विचारलं की हा कशासाठी, आणि सरांनी सगळं सांगून टाकलं. फक्त बर्फ कोणाकोणाचा होता ते सांगितलं नाही. मॅडम ऐकत होत्या. मध्येच त्यांनी कात्री खाली ठेवली आणि टेबलाचा काठ धरला. त्या हसत होत्या, पण सरांसमोर हसायचं कसं हे त्यांना अजून जमत नव्हतं, म्हणून डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सर, अकरावीत मला तुम्ही बर्फ-मिठाच्या प्रश्नाला दोनापैकी एकच गुण दिला होता," त्या म्हणाल्या. "मी तापमान लिहायचं विसरले होते."

"उणे बारापर्यंत गेलं होतं," सर म्हणाले.

वडी यंत्रात गेली. दिवसभर दोघं बाहेरच्या बाकावर बसून होते. मॅडमनी डबा उघडून सरांना पोळी दिली, आपल्या मुलाच्या शाळेचं सांगितलं, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास आतून बोलावणं आलं. पडद्यावर आलेख होता. खोलीच्या तापमानाला रेषा जमिनीलगत पसरलेली, आणि सात अंशांच्या आसपास ती उठली ती सरळ वर गेली. दिवाळीतल्या वडीची रेषा त्याच पडद्यावर ठेवली तर ती बिचारी तळाशी लोळत पडली होती आणि पार डाव्या कोपऱ्यात जाऊन जेमतेम मान उचलत होती. धातू तेच, वजन तेच, फक्त बसण्याचा क्रम वेगळा.

मॅडमनी पडद्यावरच्या दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "छान, सर." तोंडी म्हणाल्या, त्यामुळे लॅमिनेट करायची सोय नव्हती.

सरांना वाटलं होतं की आता आनंद होईल. तो झालाही, पण त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अकरा वर्षं त्यांच्याकडे एक पक्कं उत्तर होतं. वीज गेली, भट्टी बंद पडली, वडी बिघडली, तारीख मिळाली नाही. आता भट्टी झाली होती, वडी झाली होती, यंत्र झालं होतं. गावात कोणी विचारलं तर सांगायला काहीच उरलं नव्हतं.

"आता फक्त लिहायचं राहिलं, सर," मॅडम म्हणाल्या. "जूनपर्यंत पाठवाल ना?"

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"सगळं लिहावं लागेल का?" त्यांनी विचारलं. "निष्कर्षासकट?"

"निष्कर्ष तर स्पष्टच लिहावा लागेल," मॅडम म्हणाल्या, आणि कॉम्प्युटरवरून आलेख त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये घालून दिला.